पॅरालीगल व्हायचं म्हणतेस, तर…

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तुला पॅरालीगल, म्हणजे वकील न होता ठरावीक कायदेशीर कामं करणारी, व्हायचंय आणि घरात ‘मग सरळ वकीलच का नाही?’ यावरून धुसफुस चालू आहे, असं कळलं. आईची समजूत मी काढीन. तिची कल्पना अमेरिकेतल्या नातेवाइकांवरून झालेली दिसते. तिकडे बहुतेक ठिकाणी पॅरालीगल वकिलाच्या देखरेखीखाली काम करतो. आपल्या कॅनडातल्या ऑन्टारिओत 2007 पासून लॉ सोसायटी, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, वकिलांसारखंच पॅरालीगलनाही लायसन्स देते. उद्या तू ब्रँप्टनमध्ये स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतेस, अशिलाकडून फी घेऊ शकतेस आणि त्याच्या वतीने बोलायला उभी राहू शकतेस.

कॉलेजची माहितीपत्रकं चकचकीत असतात, त्यांत रमू नकोस. अभ्यासक्रमाला लॉ सोसायटीची मान्यता आहे का, ते आधी बघ. ती नसेल तर लायसन्सच्या परीक्षेचं दारच उघडत नाही. मान्यता असलेल्यांत दोन वर्षांचे डिप्लोमा आहेत, आधीच पदवीधर असणाऱ्यांसाठी छोटी सर्टिफिकेटं आहेत, आणि टोरांटोतल्या हंबर या संस्थेची चार वर्षांची पदवी आहे. लायसन्स सगळ्यांना तेच मिळतं. तरीही तुझ्या वयाला मी पदवीच सुचवीन. लिहायला आणि निकाल शोधून वाचायला त्यात सवड मिळते, आणि पुढेमागे लॉ स्कूलला जावंसं वाटलं तर पदवी हाताशी असते. तिशीतल्या, दोन मुलांच्या आईने विचारलं असतं तर मी डिप्लोमाच सांगितला असता.

मान्य अभ्यासक्रमात किमान 120 तासांचं प्रत्यक्ष काम असतं. ते उरकून टाकू नकोस. शक्य असेल तर घरभाड्याची प्रकरणं चालवणाऱ्या ऑफिसात जा. या व्यवसायाची खरी तालीम तिथे होते, कारण तिथे सगळा खेळ तारखांचा असतो. समज, घरमालकाला स्वतः राहायला जागा हवी आहे. त्यासाठी एन-12 नावाची नोटीस असते. ती निदान 60 दिवस आधी द्यायची, आणि खोली सोडायची तारीख भाड्याच्या महिन्याचा शेवटचा दिवसच हवी. भाडं दर 1 तारखेला आहे, ठरावीक मुदतीचा करार नाही, आणि मालकाने 5 मार्चला नोटीस देऊन 5 मे लिहिलं. दिवस मोजले तर 60 भरतात, पण नोटीस बाद! तिथे 31 मे हवं होतं. मालक चार-पाच महिने सुनावणीची वाट बघत बसतो आणि पहिल्याच दिवशी समोरचा पॅरालीगल ती तारीख दाखवतो. तो समोरचा तू असावीस, एवढीच इच्छा.

स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टातही तेच. दावा हातात पडल्यापासून 20 दिवसांत उत्तर दाखल करायचं. या कोर्टाची मर्यादा 2020 मध्ये 35,000 डॉलर झाली आणि ऑक्टोबर 2025 पासून 50,000, म्हणजे बऱ्यापैकी मोठी भांडणं आता आपल्या टप्प्यात आली. किचनचं काम अर्धवट टाकून पळालेला कंत्राटदार, बुडवलेला पगार… अशी माणसं येतात. ती रागात असतात, गोष्ट मधूनच सुरू करतात आणि पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणतात. त्यातून तारीखवार हकिकत काढून कागदावर मांडणं हे निम्मं काम आहे. वर्गात कोणी ते शिकवत नाही, म्हणून आत्तापासून लिहायचा सराव ठेव. कॅनली या वेबसाइटवर कोर्टाचे निकाल फुकट वाचता येतात. रोज एक वाच, आणि हरलेल्याचं काय चुकलं ते दोन ओळींत लिहून ठेव.

आता कुंपणाबद्दल. लायसन्स मिळालं की गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत लोक तुला गाठतील. एकाला मृत्युपत्र करायचं असेल, दुसऱ्याचं घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, असेल, आणि पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचा, फॉर्म तर प्रत्येकाच्याच खिशात असतो. यातलं काहीही आपलं नाही. इमिग्रेशनमध्ये आपल्याला फक्त इमिग्रेशन अँड रेफ्यूजी बोर्डापुढच्या प्रकरणांत उभं राहता येतं. पीआरचे अर्ज भरून द्यायचे नाहीत. घटस्फोट वकिलाकडे. कौटुंबिक कायद्याचं थोडं काम वेगळं लायसन्स काढून करता येतं, पण ते पुढचं. ‘अगं, घरचंच आहे, नुसती नजर टाक’ म्हणतील. नजरसुद्धा टाकायची नाही. चांगल्या वकिलाचा नंबर द्यायचा आणि शिरा घ्यायचा. काकू-मावश्या रुसतील, रुसू देत. फुकटच्या सल्ल्यातून उलटलेलं प्रकरण तुझ्या लायसन्सवर येतं, त्यांच्या नाही.

पैशांचं म्हणशील तर पहिली काही वर्षं बेताची जातात. स्वतःची पाटी लावायची घाई करू नकोस. आधी कोणाच्या तरी ऑफिसात फायली वाहा.

कॉलेजचे अर्ज 1 फेब्रुवारीच्या आत गेले पाहिजेत, नंतरच्यांना उरलेल्या जागा मिळतात. हंबर आणि आणखी एक डिप्लोमा, दोन्हींच्या विषयांच्या याद्या मला पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, आईलाही घेऊन ये.

तुझी,
मिसिसागाची काकू