जहाज बघायला मुलं नेताय ना? यादीची पोच आधी घ्या

ताई, मुंबई बंदरात येणारं परदेशी समुद्र संशोधन जहाज दोन दिवस लोकांसाठी खुलं असणार आणि दिग्रसजवळच्या तुमच्या शाळेतून २२ मुलं न्यायची आहेत, हे वाचून आनंद झाला. पण "शिक्षण कार्यालय म्हणतं मुलांच्या नावांची यादी आम्हीच पाठवतो, मग मी निर्धास्त राहू का?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. मलाही हेच सांगितलं होतं. मी निर्धास्त राहिलो.

संमतीपत्रं, रेल्वेचं आरक्षण तुम्ही करालच, त्यावर लिहीत नाही.

आम्ही तेल्हारा तालुक्यातून २० मुलं नेली होती. बंदरात शिरणाऱ्या प्रत्येकाचं नाव गेटवर आधी पोचलेलं लागायचं. मी यादी कार्यालयात हातानं दिली, पोच घेतली नाही. "परस्पर पत्रव्यवहार करू नका," अशी वर तंबी. तिथून गेली ती पहिली, कच्ची यादी, १४ नावांची. मागून दिलेली ६ नावं टेबलावरच राहिली. हे कळलं थेट गेटवर, रात्रभर गाडीत बसून आलेल्या मुलांसमोर. फोन लावला तर म्हणे, "आमच्याकडे आली तीच पाठवली." दुसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

त्या सहांत सातवीतली एक मुलगी होती. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. तिनं घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून. समुद्र जास्त खारा की आपली विहीर, हे तिला जहाजावरच्या यंत्रावर बघायचं होतं. "सर, मंग माह्या पान्याचं काय?" एवढंच ती म्हणाली. आमच्या मॅडम त्या सहा जणांना घेऊन दोन तास फुटपाथवर बसल्या. बाटली तशीच अकोल्याला परत आली. राग अजून जात नाही, त्या कार्यालयाचा आणि त्याहून जास्त माझा.

म्हणून माझं मत ठाम आहे. कार्यालयात यादी द्या, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि तीच यादी त्याच दिवशी भेटीची नोंदणी करणाऱ्यांना स्वतः ईमेल करा. वरिष्ठ रागावतील, रागावू द्या. "२२ नावं मिळाली" असं लेखी उत्तर येईस्तोवर गाडीत पाय ठेवू नका. नावं आधारवर आहेत तशीच लिहा, हजेरीपटावरची नकोत. अर्थात हा एका भेटीचा अनुभव आहे. बंदरागणिक नियम बदलतात, तुम्हाला आलेल्या पत्रात असेल तेच धरून चाला.

मुलांच्या पायात बूट हवेत. शिडी उभी असते, चपलांवर अडवू शकतात.

आत गेलेल्या मुलांना सगळ्यात आवडली ती गोल चौकटीत उभ्या लावलेल्या बाटल्यांची जोडणी. ती तारेनं खोल सोडतात, आणि हव्या त्या खोलीवर एकेक बाटली वरून मिळालेल्या इशाऱ्यानं बंद होते. सोबतचं यंत्र तापमान, दाब आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजतं. त्यावरून खारेपणा काढतात, समुद्रात तो लिटरला साधारण ३५ ग्रॅम भरतो. दर १० मीटरला जवळपास एका वातावरणाइतका दाब वाढतो. खोल जाऊन आलेला थर्माकोलचा एक कप त्यांनी मुलांच्या हातात दिला. अंगठ्याएवढा झाला होता, त्यावर पेनानं काढलेलं फूलसुद्धा आक्रसलेलं.

निघण्याआधी वर्गात नकाशा उघडा. आमची पूर्णा तापीतून अरबी समुद्राला मिळते, तुमची अरुणावती पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला. आपल्या सोयाबीन-कपाशीवर पडणारा बराचसा पाऊस त्याच उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो. १९९९ च्या पावसाळ्यात आपलं 'सागर कन्या' जहाज तिथं मान्सूनच्या अभ्यासासाठीच गेलं होतं. एवढं माहीत असलं की मुलं जहाजावर नेमके प्रश्न विचारतात.

आणि कुणाला गावचं पाणी न्यायचं असेल तर ईमेलमध्ये तेही आधीच विचारून ठेवा. आमच्या वेळी तिनं बाटली मैत्रिणीच्या हाती आत द्यायचा प्रयत्न केला होता, गेटवर तीही अडवली.