अकरा शहरांतली सहा खोडून टाक

नागपूर, धंतोली

प्रिय बेटा,

परवा तू ठेवून गेलेला परदेश प्रवासाच्या बेताचा कागद माझ्यासमोर आहे. पंधरा दिवस, सहा देश, अकरा शहरं. पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून तू हे ठरवलंस, याचा मला किती आनंद झाला ते त्या दिवशी नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. दुसरं कारण असं, की यातली निम्मी शहरं तू खोडावीस असं मला मनापासून वाटतं.

माझा पहिला परदेश प्रवास असाच झाला होता. एका टूर कंपनीबरोबर बारा दिवसांत सात देश. लूव्र संग्रहालयासाठी आम्हाला पन्नास मिनिटं दिली होती. मोनालिसासमोरची गर्दी आठवते, चित्र आठवत नाही. परत आल्यावर नववीच्या वर्गात मुलींनी विचारलं, ‘मॅडम, कसं होतं तिकडे?’ मी देशांची नावं सांगत गेले आणि पाचव्या नावापाशी थांबले. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भूगोल शिकवणारी मी, त्या दिवसाची सल अजून आहे.

तेव्हापासून निघताना मी घरून एक प्रश्न सोबत नेते. आपल्या मातीतला, साधा.

स्पेनमध्ये सेव्हिलला गेले तेव्हा तो प्रश्न संत्र्याचा होता. तुला माहीत आहे, काटोलजवळ आमचा बगीचा होता. उन्हाळ्यात बाबा पाणी तोडून झाडं ताणावर सोडायचे आणि मृगाचा पाऊस पडला की सगळा बगीचा फुलायचा. जानेवारीत सेव्हिलच्या रस्त्यांवरून चालताना मी जागीच थांबले. दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, फळांनी वाकलेली, खाली फरशीवरही फळं पडलेली, आणि कुणी उचलत नाही. एक मी उचललं, तर बाकावर बसलेल्या आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘आमार्गा’. म्हणजे कडू. तरी चाखलं. कडू आणि जिभेला चरे पाडणारं आंबट. ही फळं गोळा करून मार्मालेडसाठी इंग्लंडला जातात, हे नंतर कळलं. पण त्या आजोबांनी फळाचं नाव सांगितलं, ‘नारांहा’, तेव्हा मला एकदम आपली नारंगी ऐकू आली. संस्कृतातला नारङ्ग फारसीत गेला, तिथून अरबीत, आणि अरबांबरोबर झाडासकट स्पेनला पोचला. फळाआधी शब्द ओळखीचा निघाला. दोन दिवस राहणार होते, चार दिवस राहिले.

पुढे इस्तंबूलच्या बाजारात तेच फळ दाखवून नाव विचारलं, तर उत्तर आलं ‘पोर्ताकाल’. ग्रीसमध्येही ‘पोर्तोकाली’. गोड संत्री पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तिकडे नेली म्हणून फळाला देशाचंच नाव चिकटलं. इ. स. 537 मध्ये पूर्ण झालेल्या आयासोफिया या वास्तूचा घुमट मी पाहिलाच, आणि त्याखाली उभं राहून श्वास अडकला. पण इस्तंबूल मला त्या फळवाल्यामुळे जवळचं झालं, त्याने अर्धं संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं होतं.

इंडोनेशियातल्या जावा बेटावर बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप पाहायला जाताना मनात आपली दीक्षाभूमी होती. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या जागेवरच्या स्तूपात आपण आत जाऊन बसतो. बोरोबुदूरला मी आत जायचं दार शोधत राहिले. दार नाहीच. टेकडीवर चुन्याशिवाय दगडावर दगड रचत नेलेला तो भरीव डोंगर आहे, इ. स. आठव्या-नवव्या शतकातला. त्याला चालूनच पाहायचं असतं. मी उलट्या बाजूने चालू लागले, तेव्हा पहारेकऱ्याने हाताने पूर्व दाखवली. पूर्वेच्या जिन्यापासून, स्तूप उजव्या हाताला ठेवत निघालं की भिंतीवरच्या कथा क्रमाने उलगडतात. 2,672 शिल्पपट आहेत, सगळे कसे पाहणार? मी एका जहाजासमोर बसले. शिडं फुगलेली, दोरखंड ताणलेले. नागपूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे असेल, पण त्या दगडी जहाजापुढे मला लहान मुलासारखं भरून आलं. आता वर चढायला रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, आधी नोंदणी करून जा.

ग्रिनिचला गेलीस तर आपला झिरो माइलचा दगड आठव. तिथे सगळे शून्य रेखांश दाखवणाऱ्या धातूच्या रेषेच्या दोन बाजूंना पाय ठेवून फोटो काढतात. तू मोबाइल हातात धरून पूर्वेला चालत जा. जीपीएसचा शून्य रेखांश त्या रेषेपासून सुमारे 102 मीटरवर, बागेत लागतो.

हिरोशिमात मात्र माझा प्रश्न चालला नाही. 6 ऑगस्ट 1945, सकाळी सव्वाआठ. तो घुमटाचा सांगाडा पाहताना मला नागपूर आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. बाहेर आल्यावर ट्राममध्ये बसले. बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी शहराच्या एका भागात ट्राम पुन्हा सुरू झाली होती, आणि तेव्हाचे एक-दोन डबे आजही धावतात. शेजारी एक शाळकरी मुलगी गृहपाठ करत होती. मी तिच्या वहीकडे पाहत राहिले. अशा जागी वही-पेन, फोटो, सगळं बॅगेत ठेव.

आता कामाचं. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. अकरा शहरांच्या धावपळीत तो हिशेबच तुला जमणार नाही. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलू नको. किमान 30,000 युरोचा आरोग्यविमा लागतो. रोज झोपण्यापूर्वी अर्धं पान लिही, पाहिलेल्या जागांची नावं वगळून.

तुझ्या कागदावर मी लिस्बनखाली रेघ मारली आहे. ज्या देशाचं नाव अर्ध्या जगाने संत्र्याला दिलं, तिथले लोक त्याला ‘लारांझा’ म्हणतात, म्हणजे पुन्हा आपला नारङ्गच. बाजारात जाऊन स्वतःच्या कानांनी ऐक आणि मला फोनवर ऐकव. रविवारी सकाळी ये, पासपोर्ट घेऊन. मुदत किती उरली आहे ते आधी बघू, मग पेन्सिल घेऊन बसू.

तुझ्या,
भूगोलाच्या मॅडम