आजोबांची गिरणी, नातीची गाळणी

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. तिच्या चुलतभावाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायला बांबोळीच्या इस्पितळात नेतात आणि सुट्टी असली की ही सोबत जाते. रक्ताच्या पिशवीखाली नळीत बसवलेली एक पांढरी, चपटी डबी तिने तिथे पाहिली. पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर आहे, असं नर्सने सांगितलं. तेव्हापासून घरात एकच घोषा: हे कोण बनवतं, आणि मला का बनवता येणार नाही? वापरलेली डबी तिने मागूनही पाहिली, मिळाली नाही.

वडील लिहितात: "मी नीटचा क्लास लावला आहे. शाळेतले सर म्हणतात टेक्सटाइल इंजिनियरिंग बघा. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ८२च्या संपानंतर रिकाम्या हाताने गावी आले. त्यांच्या नातीला मी पुन्हा कापडाच्या धंद्यात घालू? बायोमेडिकल घेतलं तर नाही चालणार? आणि हे सगळं गोव्यातच राहून होईल का?"

नमस्कार.

उत्तर आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. सरांचं बरोबर आहे. तुमच्या मुलीला जे करायचं आहे त्याचा सरळ रस्ता धाग्यातून जातो. बायोमेडिकल हे नाव जवळचं वाटतं खरं, पण पदवीला त्या शाखेचा मोठा भाग उपकरणांचा असतो: ईसीजी, व्हेंटिलेटर, मॉनिटर, त्यांची सर्किट आणि सिग्नल. त्या पांढऱ्या डबीत वीज नाही, सर्किट नाही. आत आहेत ते एकावर एक रचलेले कापडाचे थर.

मात्र हे कापड विणलेलं नसतं. पॉलिएस्टर वितळवून बारीक भोकांतून दाबायचं आणि बाहेर पडता पडताच त्याच्यावर गरम हवेचा जोरदार झोत सोडायचा. धार ताणली जाते, केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू होतात आणि एकमेकांवर पडून त्यांची चादर जमते. याला मेल्टब्लोन म्हणतात. कोविडच्या काळात आपण सगळे ते तोंडाला बांधून फिरलो. सर्जिकल मास्कचा मधला थर तोच, फक्त तो बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो.

थर कशाला, हे तिला स्वयंपाकघरातच कळेल. नारळाचा रस थेट फडक्यात ओतला की चोथा बसतो, फडकं तुंबतं आणि मग पिळत बसावं लागतं. म्हणून आधी गाळणं, मग फडकं. फिल्टरमध्येही रक्त आधी जाड तंतूंच्या थरातून जातं. तिथे साठवणीत तयार झालेल्या बारीक गाठी अडकतात. पुढे थर बारीक होत जातात आणि मुख्य थराचे तंतू एक ते तीन मायक्रॉन जाडीचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

नारळाची उपमा इथवरच. चोथा मोठा असतो म्हणून अडतो, रक्तात तसं सरळ नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद, पांढऱ्या पेशी साधारण सात ते पंधरा. नुसत्या भोकाच्या मापावर त्यांची निवड करता येत नाही. पण तांबडी पेशी लवचीक असते, वाकून मुडपून सटकते. पांढरी त्या मानाने ताठ आणि चिकट, गवतातून चालताना परकराला कुसळं लागावीत तशी तंतूला धरून बसते. म्हणजे ही डबी अर्धी गाळणी आणि अर्धा सापळा. एका पिशवीत पांढऱ्या पेशी असतात शंभर कोटींच्या घरात किंवा त्याहून जास्त. गाळल्यानंतर अमेरिकेच्या मानकाप्रमाणे त्या ५० लाखांच्या खाली हव्यात, युरोपच्या मानकाप्रमाणे १० लाखांच्या. म्हणजे हजारात एखादीच सुटलेली चालते. तुमच्या पुतण्यासारख्या वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांसाठी हे महत्त्वाचं, कारण परक्या पांढऱ्या पेशींमुळे थंडी वाजून ताप येतो, शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि सीएमव्हीसारखे काही विषाणू याच पेशींत दडून येतात.

आता गिरणीचं बोलू, कारण तुमच्या पत्राचा जीव तिथे आहे.

तुमच्या वडिलांनी जे सोसलं ते मी हलकं करणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपाने मुंबईतली माणसं जशी उठवली तशी कोकण-गोव्यातली घरंही बसवली. टेक्सटाइल म्हटलं की आपल्याकडे भोंगा, साचे आणि कुलूप आठवतं. मलाही आठवायचं. पंधराएक वर्षांपूर्वी समोर बसलेल्या एका हुशार मुलाला मीच सांगितलं होतं, "कापडात काय राहिलंय बाबा?" त्याने दुसरी शाखा घेतली. त्याचं वाईट झालं नाही, पण माझा सल्ला अडाण्याचा होता. धाग्याचा धंदा तेव्हाच दवाखान्यात, गाडीत, रस्त्याच्या डांबराखाली शिरलेला होता आणि मला पत्ता नव्हता.

जपानची असाही कासेई कंपनी घ्या. कोटाच्या आत जे मऊ, झुळझुळीत अस्तर लावतात, त्यातला बेम्बर्ग नावाचा धागा ती १९३१ पासून काढते. तो बनतो सरकीवरच्या आखूड लवेपासून. म्हणजे कापूस काढून घेतल्यावर सरकीला चिकटून जे टाकाऊ उरतं त्यापासून! त्याच धाग्याला आतून पोकळ करून त्यांनी डायलिसिसच्या नळ्या केल्या, पुढे औषधांतले विषाणू गाळणारा फिल्टर केला. आणि पांढऱ्या पेशी अडवणारे फिल्टर करणाऱ्या जगातल्या जुन्या नावांत हीच कंपनी आहे. डायलिसिसच्या धंद्यातली तोरे हीसुद्धा मुळात धाग्याचीच कंपनी. रक्त गाळायची विद्या या लोकांकडे गेली, कारण तंतू किती बारीक ओढायचा हे त्यांना ठाऊक होतं. त्याही आधी, १९२६ साली, पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगने रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढण्याची सोपी रीत छापली होती. तिच्यात वापरला होता कापसाचा बोळा.

साच्यावर उभं राहणं आणि तंतूची रचना करणं, दोन्हींचं नाव टेक्सटाइल असलं तरी काम वेगळं. त्या कामात नेमकं काय असतं, याचा एक नमुना देते. बारावीचं गणित पुरेल.

पॉलिएस्टरची घनता घनसेंटिमीटरला १.३८ ग्रॅम धरा, तंतूची जाडी २ मायक्रॉन. एका ग्रॅमचा तंतू किती लांब होईल? तिला मांडायला सांगा. उत्तर २३० किलोमीटरच्या आसपास येईल. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून निघून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत जायचं आणि परत फिरून बरीच वाट कापायची, एवढा धागा चिमटीत मावणाऱ्या कापसात! आता जाडी निम्मी केली, वजन तेवढंच ठेवलं, तर पेशी चिकटायला मिळणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. छान. पण थर तितकाच भरीव ठेवला तर रक्ताला होणारा अडथळा साधारण चौपट होतो. पिशवी तासन्‌तास ठिबकत राहील. मग थर पातळ करावा? पेशी निसटतील. डबी मोठी करावी? रक्त डबीतच अडकून राहील आणि पेशंटच्या वाट्याचं तेवढं वाया जाईल. या ओढाताणीतून मधली वाट काढणं म्हणजे फिल्टरची रचना.

एवढ्यावर भागत नाही. पॉलिएस्टर मुळात पाण्याला फारसं जवळ करत नाही, म्हणून तंतूवर पाण्याशी जुळणाऱ्या पॉलिमरचा लेप देतात, म्हणजे रक्त सगळीकडे सारखं पसरतं. हा लेप आणि पृष्ठभागावरचा विद्युतभार फार नाजूक बाब आहे. पूर्वी पेशंटच्या खाटेशी लावायच्या काही ऋणभारित फिल्टरमुळे रक्तदाब अचानक उतरल्याचं दिसलं, विशेषतः एसीई इन्हिबिटर गटातली रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांत. त्या पृष्ठभागाला लागून रक्तात रक्तदाब उतरवणारं ब्रॅडिकायनिन तयार होतं आणि ही गोळी नेमकं त्याचं विघटन रोखते. प्रयोगशाळेत पाण्यावर उत्तम चालणारी वस्तू माणसाच्या रक्ताशी कशी वागेल, हे रक्तालाच विचारावं लागतं. सिकलसेलचा एकच जनुक असलेला, अगदी ठणठणीत रक्तदाता घ्या. त्याचं रक्त कित्येकदा फिल्टर तुंबवतं. हे सूत्रावरून आधी कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून तिच्या जीवशास्त्राचा अभ्यास वाया जाणार नाही. फक्त नीटच्या नादात गणित सोडू देऊ नका.

शिकायचं कुठे? आयआयटी दिल्लीत टेक्सटाइल आणि फायबर इंजिनियरिंगचा स्वतंत्र विभाग आहे, त्यासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) तंतू व वस्त्रप्रक्रिया आणि पॉलिमर अशा दोन्ही शाखा आहेत. हिच्यासाठी मला ते ठिकाण सर्वांत आवडतं, कारण तिथे रसायनशास्त्राचा पाया पक्का होतो. शेजारीच व्हीजेटीआयमध्ये टेक्सटाइल आहे. आणि इचलकरंजीचं डीकेटीई. १९८२ सालचीच ही संस्था, संपाच्याच वर्षातली, आणि न विणलेल्या कापडाचं उत्कृष्टता केंद्र केंद्र सरकारच्या योजनेतून तिथेच उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत अखिल भारतीय जागा जेईई मेनच्या गुणांवर भरतात, त्यामुळे गोव्याच्या मुलीला ती परीक्षा द्यावीच लागेल.

गोव्यातच राहायचं असेल तर झुआरीनगरच्या बिट्समध्ये केमिकल इंजिनियरिंग आहे. प्रवाह, दाब, गाळण हे त्या शाखेचं रोजचं खाणं, आणि पुढे धाग्याकडे वळता येतं. फीचा आकडा मात्र आधी बघा. फर्मागुडीच्या गोवा इंजिनियरिंग कॉलेजात मेकॅनिकल घेतलं तरी वाट बंद होत नाही, लांबते. पदवीनंतर गेटमध्ये टेक्सटाइल आणि फायबर सायन्सचा वेगळा पेपर असतो आणि बायोमेडिकलचाही. तुम्हाला हवं असलेलं बायोमेडिकल मला तिथे, एम.टेक.ला शोभतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं नाव आत्तापासून लिहून ठेवा. भारतीय बनावटीची हृदयाची झडप तिथली, रक्तपिशवीचं तंत्रही तिथलंच, आणि त्यावर उभी राहिलेली पेनपोल कंपनी आज टेरुमो पेनपोल म्हणून रक्तपिशव्या बनवते.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. फिल्टरची रचना करणाऱ्या जागा आपल्या देशात थोड्या आहेत. पहिली नोकरी बहुतेक उत्पादनात, गुणवत्ता तपासणीत किंवा व्हॅलिडेशनमध्ये (वस्तू ठरल्याप्रमाणे चालते याचा पुरावा जमवण्यात) मिळेल, आणि दोन-तीन वर्षं थराची जाडी, दाबातला फरक, फुटलेल्या तांबड्या पेशींचं प्रमाण मोजण्यात जातील. ते शिकणंच आहे. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम लागू झाल्यापासून अशा माणसांची गरज कागदोपत्रीही वाढली आहे. तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्राने २०२० साली १,४८० कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं, वैद्यकीय वस्त्रं त्यातलाच एक विभाग. आणि समजा रक्ताच्या फिल्टरचं काम नाहीच मिळालं, तर वेर्णा, कुंडईच्या औषध कारखान्यांत द्रावणं निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रॉनचे फिल्टर लागतात. ते पारखणारा माणूस गाळणीचं शास्त्र जाणणाराच हवा. घरी चवथीला गणपतीवर माटोळी बांधायला येता येईल, एवढ्या अंतरावरचं हे काम आहे.

नीटचा क्लास लगेच बंद करा असं मी म्हणणार नाही, पैसे भरलेले असतील. भौतिक आणि रसायन दोन्हीकडे चालतं. परीक्षा तिला दोन्ही देऊ दे. फक्त नीटमध्ये थोडक्यात हुकली तर एक वर्ष घरी बसवून पुन्हा द्यायला लावणं, एवढं करू नका.

दरम्यान तिच्या हाताला काम द्या. न वापरलेला मास्क कापून तीन थर वेगळे करायचे, शाळेच्या मायक्रोस्कोपखाली बघायचे. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाकायचा, शेजारी सुती फडक्यावर एक, पॉलिएस्टरच्या ओढणीवर एक. कोणता थेंब गोल उभा राहतो, कोणता पसरतो, किती वेळात, हे वहीत लिहायचं. लेप कशाला देतात ते तिला मी न सांगता कळेल. वापरलेली डबी मात्र पुन्हा मागू नये. नर्सने दिली नाही हे योग्यच केलं, तो जैववैद्यकीय कचरा आहे. नव्या फिल्टरचं रिकामं वेष्टन मागितलं तर कदाचित मिळेल. त्यावरची बारीक अक्षरं वाचण्यासारखी असतात.

आणि रविवार वगळून एखाद्या दिवशी तिला इचलकरंजीला घेऊन जा. साखळीहून चोर्ला घाट चढलात की बेळगाव, पुढे निपाणी. पहाटे निघालात तर दुपारच्या आत पोहोचाल. आधी फोन करून विचारा, मशीन चालू असेल तो दिवस घ्या. शक्य असेल तर आजोबांनाही सोबत न्या. साच्यावर आयुष्य काढलेला माणूस त्या मशीनसमोर उभा राहून जे प्रश्न विचारेल, ते मला सुचणार नाहीत.