काटोलजवळच्या संत्रा बागेत वर्षानुवर्षं फवारणी झाली आहे. जैविक पद्धतीनं माती साफ होईल का?

होते, पण काय मुरलंय त्यावर आहे. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक असेल तर स्यूडोमोनाससारखे जिवाणू त्याचे तुकडे पाडतात, काही महिन्यांत फरक पडतो. डीडीटी, लिंडेन ही कीटकनाशकं मात्र वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातल्या मोरचुदाचं तांबं तर जिवाणूंना पचतच नाही, ते मूलद्रव्य आहे.

आधी माती तपासा. नेहमीच्या एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) अहवालात कीटकनाशकाचा अंश दिसत नाही, ती तपासणी वेगळी सांगावी लागते. मग चांगलं कुजलेलं शेणखत घाला, ओल टिकवा. मे महिन्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा जिवाणूंचं महागडं कल्चर ओतणं म्हणजे पैसे भेगेत घालणं. पावसाळा लागल्यावरच टाका.