वाचकांचे प्रश्न : हिंचिनब्रूक बेटावर जाण्यापूर्वी

प्रश्न : मी दादरला राहते. वय 52 असले तरी गेली वीस वर्षे सह्याद्रीत नियमित भटकते. माझा मुलगा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला असतो. जवळच्या हिंचिनब्रूक बेटावर थॉर्सबोर्न नावाची चार दिवसांची पायवाट आहे, असे त्याने कळवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो, त्याचा मित्र आणि मी असे तिघे जाण्याचा विचार करत आहोत. ही वाट मला झेपेल का, तेथील मगरींची भीती कितपत खरी आहे, आणि शिधा येथूनच नेता येईल का?

उत्तर : दिवाळीचा बेत बदलावा, हे आधीच सांगतो. आपल्याकडे पाऊस सरून ट्रेकचा हंगाम सुरू होतो, तेव्हा क्वीन्सलँडच्या त्या किनाऱ्यावर उकाडा वाढू लागलेला असतो. कोरडा हंगाम संपत आल्यामुळे मुक्कामाजवळचे लहान ओढे आटलेले असू शकतात. नोव्हेंबरपासून किनाऱ्यालगतच्या पाण्यात विषारी जेलीफिशचा काळ सुरू होतो आणि चक्रीवादळांचा अधिकृत मोसमही त्याच महिन्यात उघडतो. त्यानंतर साधारण मार्चअखेरपर्यंत मुसळधार पाऊस असतो. मे ते सप्टेंबर हा काळ तेथे जाण्यास सर्वांत चांगला. सह्याद्रीतल्या वाटा शेवाळल्यामुळे आपण घरी बसून असतो, नेमके तेच महिने तिकडे हिवाळ्याचे असतात. तेव्हा मुलाला पुढच्या जून-जुलैची रजा काढायला सांगावी.

संपूर्ण बेट राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यावर गाव किंवा वस्ती नाही. पायवाट पूर्व किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाते आणि तिची लांबी 32 किलोमीटर आहे. एका वेळी चाळीसच माणसांना वाटेवर परवानगी मिळते, शिवाय एका गटात सहाहून अधिक जण चालत नाहीत. मुक्कामाचे परवाने उद्यान विभागाकडून आधी घ्यावे लागतात आणि ते लवकर संपतात, म्हणून विमानाचे तिकीट परवाना हातात आल्यावरच काढावे. रविवारी एखाद्या गडावर पायवाटेत रांग लावून उभे राहिलेल्या माणसाला चाळीस हा आकडा खटकू नये. मला तरी त्याचा हेवा वाटतो.

आता झेपण्याविषयी. बेटावरचे माउंट बोवेन हे शिखर 1121 मीटर उंच आहे, पण पायवाट तिकडे जात नाही. झोई बे सोडल्यावर धबधब्याच्या वर चढून वाट जिथवर पोहोचते, तो तिचा सर्वांत उंच भाग सुमारे 260 मीटरवर आहे. वीस वर्षे गड चढलेल्या व्यक्तीला ही उंची काहीच नाही. तरीही लिटल रॅमझी बे ते झोई बे या साडेदहा किलोमीटरला अख्खा दिवस लागतो, कारण तेथे सरळ पाऊल टाकायला जागा क्वचितच मिळते. कधी मोठ्या गोट्यांवरून उड्या घेत जायचे, कधी ओल्या कातळावरून, तर कधी चिखलात रुतलेल्या मुळ्यांमधून. आपला खडक बेसाल्टचा, तेथला ग्रॅनाइटचा. कोरडा असताना तो बुटाला छान धरतो. पाण्याची पातळ धार वाहत असेल तर अजिबात धरत नाही. त्यातच पाठीवर चार दिवसांचे सामान असते. तेव्हा निघण्यापूर्वी दोन-तीन महिने पंधरा किलोची पिशवी पाठीवर घेऊन माथेरानच्या किंवा राजमाचीच्या वाटांनी चालण्याचा सराव करावा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा अधिक करावा.

माझ्या मते या वाटेवरचा खरा प्रश्न पाण्याचा आणि वेळेचा आहे. अनेक ओढे समुद्राला मिळतात, त्या तोंडाशी भरतीचे पाणी आत शिरते. ओहोटीला घोट्याएवढे असलेले पाणी भरतीला कमरेच्या वर जाऊ शकते, आणि अशा गढूळ पाण्यातच मगर असण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून दिवसाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा ओहोटीवर बेतावे. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब आहे आणि तो मुंबईच्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी जमतो. मात्र तो इथल्याच समुद्राचा हिशोब आहे, तिकडे लागू पडणार नाही. त्या किनाऱ्याचे छापील भरती-कोष्टक घ्यावे आणि कागदावरच घ्यावे, कारण बेटाच्या बऱ्याच भागांत मोबाइलला रेंज मिळत नाही.

पाऊस पडला तर गोड्या पाण्याचे ओढेही तासाभरात चढतात. एकदा भर श्रावणात आम्ही सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना छातीएवढा झाला होता. दगडावर बसून पाच तास काढले, मग पलीकडच्या पाड्यावरच्या ठाकर दादांनी आम्हाला वरच्या अंगाच्या रुंद पात्रातून पार केले. हिंचिनब्रूकवर पाडा नाही आणि ठाकर दादाही नाहीत. पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबणे हाच तेथे मार्ग आहे, म्हणून एका जादा दिवसाचा शिधा आणि परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस अवश्य ठेवावा.

मगरींची भीती खरी आहे, परंतु ती घरच्यांना वाटते तशी नाही. खाऱ्या पाण्यातली ही मगर समुद्रात, खाडीत आणि गोड्या पाण्यातही राहते. चालणाऱ्या माणसाच्या मागे जंगलात धावून येणारे हे जनावर नाही; ते पाण्याच्या कडेला वाट पाहते. तेथील सरकारी सूचनेनुसार पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर लांब राहावे आणि तंबू किमान पन्नास मीटर दूर लावावा. सह्याद्रीत आपल्याला लागलेल्या काही सवयी येथे घातक ठरतात. संध्याकाळी ओढ्यावर उकिडवे बसून भांडी घासणे ही त्यांतली पहिली. रोज एकाच वेळी, एकाच जागी पाण्यावर जाणे ही दुसरी, कारण मगर असा नेम लक्षात ठेवते. पाणी वरच्या, उथळ आणि स्वच्छ दिसणाऱ्या प्रवाहातून भांड्याने घ्यावे आणि उकळून किंवा शुद्ध करून प्यावे. झोई धबधब्याखालचा डोह फार सुंदर आहे, तथापि कातळावरून त्यात उडी मारण्याचा मोह टाळावा.

मगरीपेक्षा आपली गाठ उंदरांशी पडेल, हे नक्की. तेथील पांढऱ्या शेपटीचा मोठा उंदीर दातांनी नारळ फोडतो. त्याच्यापुढे आपल्या पिशवीचे कापड ते काय! घारापुरीची माकडे निदान दिवसाढवळ्या हिसकावतात, हा रात्री येतो आणि लाडवाचा वास राहिलेला रिकामा कप्पाही कुरतडून आत शिरतो. मुक्कामांच्या जागी उद्यानाने धातूच्या पेट्या ठेवल्या आहेत. सगळे खाद्यपदार्थ, टूथपेस्ट आणि कचरा रात्री त्या पेटीत ठेवावा, आणि पिशवीचे कप्पे उघडे सोडून ती टांगावी, म्हणजे आत काही नाही हे त्याला भोक न पाडताच कळते. कचरा सगळा परत आणायचा असतो.

शिध्याबाबत दोन अडचणी आहेत. ऑस्ट्रेलियात उतरताना सोबतच्या प्रत्येक खाद्यपदार्थाची नोंद अर्जावर करावी लागते. नोंद केलेला पदार्थ फार तर काढून घेतील, लपवलेल्यासाठी मोठा दंड होतो. बी-बियाणे आणि दुधाचे पदार्थ अडकण्याची शक्यता असल्याने भाजणी, मेतकूट, तुपातले लाडू यांचा हट्ट धरू नये आणि कोरडा शिधा टाउन्सव्हिललाच घ्यावा. बुटांना आपल्या मातीचा कणही राहता कामा नये. ते येथेच घासून धुवावेत. दुसरी अडचण इंधनाची. बेटावर शेकोटी आणि चूल यांना पूर्ण बंदी आहे, स्टोव्हवरच रांधावे लागते, आणि गॅसचा डबा विमानात नेता येत नाही. तोही तेथेच विकत घ्यावा.

प्रश्न : मी डोंबिवलीचा 27 वर्षांचा तरुण आहे. हीच वाट एकट्याने करावी असे मनात आहे. करू का?

उत्तर : नियम आड येत नाही, पण माझा सल्ला नाही असाच आहे. ओल्या कातळावर घोटा मुरगळला तर दुसरे कोणी येईपर्यंत किती वेळ जाईल, हे सांगता येत नाही. तरीही जायचेच असेल तर उपग्रहाला संकटाचा संदेश देणारे बीकन भाड्याने घ्यावे, आणि परतीचा दिवस व वेळ किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला लिहून द्यावी. त्या वेळेपर्यंत आपला निरोप आला नाही तर त्याने 000 या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे, हेही त्याच्याशी ठरवून घ्यावे. उत्तर टोकाला सोडणारी बोट कार्डवेलहून आणि दक्षिण टोकावरून आणणारी लुसिंडाहून असते, म्हणून दोन्ही बोटवाल्यांकडे आपले नाव व तारखा नोंदवून ठेवाव्यात. सर्पदंशासाठी रुंद लवचीक पट्ट्या जवळ असू द्याव्यात. तेथे दंशाची जागा धुवायची नसते आणि वर आवळून दोरीही बांधायची नसते. संपूर्ण हातापायाला घट्ट पट्टी गुंडाळून, आधार बांधून, जिथे असाल तिथेच न हलता पडून राहायचे असते. एका हाताने स्वतःच्या दुसऱ्या हाताला अशी पट्टी नीट बांधता येते का, ते निघण्यापूर्वी घरी करून पाहावे.