इलेक्ट्रिक गिटारवर बोटं फार दुखतात. अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) किती खाली घ्यावी, की सरळ पातळ तारा लावाव्यात?

दोन्हीच्या आधी पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि थोडा वेळ वाजवून बघा. गिटार एकदम हलकी वाटली तर तुमचा नट, म्हणजे हेडस्टॉकजवळची तारांच्या खाचांची पट्टी, उंच आहे. कॅपो नसेल तर पाचव्या फ्रेटवर बार धरा (तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा दाबायची कॉर्ड), मग तोच आकार पहिल्यावर, म्हणजे एफ कॉर्ड. पहिल्यावर थोडं जड जाणारच. पण पाचव्यावर सुखाने वाजतो आणि पहिल्यावर तर्जनी कापत जाते, इतका फरक असेल तर दोष नटचा आहे, ब्रिजला (तारांचं दुसरं टोक जिथे टेकतं तिथे) हात लावू नका.

बाराव्या फ्रेटवरची उंची जो तो सांगतो: सगळ्यात जाड ई तारेला साधारण २ मिलीमीटर, सगळ्यात बारीक ई तारेला दीड. बरोबरच आहे ते. पण तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलंय की सर म्हणतात, सहा महिने बोटं दुखलीच पाहिजेत, त्याशिवाय हात तयार होत नाही. ते वाचलं आणि लिहायला बसलो.

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या सरांनी हेच सांगितलं होतं. गिटार नवीकोरी होती, कारखान्यातून आली तशीच. स्वस्त गिटारींचे नट बहुतेक वेळा उंचच ठेवलेले असतात, कारण खाच खोल गेली तर खुली तार खरखरते आणि गिटार परत येते. उंच राहिली तर कोणी तक्रार करत नाही, शिकणारा स्वतःलाच दोष देतो. ती तेच करत होती. क्लासहून आली की तर्जनीच्या कडेवर तारेची खोल लाल रेघ असायची. एफ आला की क्लासमध्ये नुसता उजवा हात हलवायची. एकदा सरांनी सगळ्यांसमोर तिची गिटार घेतली, खणखणीत एफ वाजवला आणि म्हणाले, ‘बघ, वाजतंय की. मुलींची बोटं नाजूक असतात, रियाज वाढव.’

याचा मला आजही राग आहे. इतकी वर्षं वाजवून घट्टे पडलेला हात कुठल्याही गिटारवर एफ वाजवील. त्यातून हात तयार आहे एवढंच कळतं, गिटार कशी आहे ते कळत नाही.

मी ट्यूनर लावला. जीची तार खुली छेडली, काटा मध्यावर. पहिल्या फ्रेटवर तिला हळूच दाबायला सांगितलं तर काटा सरळ उजवीकडे गेला, सूर चांगलाच चढा. सर म्हणायचे, तू जास्त दाबतेस म्हणून चढतो. तिने फ्रेटला जेमतेम टेकेल इतकीच दाबली, तरी चढाच. मग तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघितली. तिथे केसभर फट हवी. हिच्या गिटारवर जाड कार्ड आरामात सरकत होतं.

कारण साधं आहे. नटच्या अगदी जवळ तार दाबताना ती थोड्या लांबीत बरीच खाली ओढावी लागते, म्हणजे ताणली जाते. ताणायला जोर लागतो आणि ताणलेली तार चढा सूर देते. दुखणं आणि बेसूर, दोन्ही त्या एका खाचेतून येतं.

प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस घेतली आणि एकेक खाच उतरवली. कानस मागे हेडस्टॉककडे किंचित उतरती धरायची, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटते. दोनतीन हलके हात, पांढरी भुकटी फुंकायची, तार पुन्हा बसवायची, सुरात आणायची, फट बघायची. याला वेळ लागतो आणि लागू द्यावा. एफ त्या दिवशी आला नाही. पण जीच्या तारेवर तिने पहिल्या फ्रेटला दाबलेला सूर बरोबर लागला, आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की चूक आपली नव्हती हे तिला कळलंय. बार पुढे सरावाने आला. सर अजूनही म्हणतात, बघ, रियाजाने आलं.

रियाज लागतोच. पण रियाज सुरांचा करायचा, वाईट खाचेशी झुंजण्याचा नाही. असे शिक्षक ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनचं नाव हमखास घेतात: तो .०१३ इंचाच्या जाड तारा लावायचा. लावायचा, पण गिटार अर्धा सूर उतरवून, आणि बोटांची सालं निघाली की सुपरग्लूने चिकटवून. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याचं नाव मात्र ते घेत नाहीत. १७ व्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. मग त्याने पातळ तारा लावल्या आणि पुढे गिटारचा सूरही उतरवला. त्याचा आवाज हलका आहे असं कोणी म्हणून दाखवावं.

म्हणजे पातळ तारा हा तुमचा उपाय वाईट नाही. साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे तोच सूर ठेवून .०१० ची तार .००९ पेक्षा सुमारे २३ टक्के जास्त ताणलेली असते. हाताला हे लगेच जाणवतं. फक्त ताण कमी झाला की नेक मागे जाते आणि खरखर सुरू होऊ शकते, तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक ठरवणारा धातूचा दांडा) बघावा लागेल. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यापाशी पाव मिलीमीटरच्या आसपास फट हवी. कमी असेल तर रॉड सैल, जास्त असेल तर घट्ट, एका वेळी पाव फेरा, आणि अडला तर जोर लावायचा नाही. क्रम असा ठेवा: तारा, रॉड, नट, मग ब्रिजची उंची, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागतो ना ते जुळवणं).

हे आधी सांगायला हवं होतं: खाच जास्त उतरली तर परत भरणं सोपं नसतं, बऱ्याचदा नटच बदलावा लागतो. कानशी नसतील किंवा हात बसलेला नसेल तर कारागिराकडे द्या आणि ‘सेटअप करा’ एवढंच न म्हणता ‘नटच्या खाचा बघा’ असं स्पष्ट सांगा. कित्येक जण फक्त ब्रिज खाली करून गिटार परत देतात. लॉकिंग नट (तारा स्क्रूने घट्ट पकडणारा) असेल तर त्यात खाचा कानसायच्याच नाहीत, तो खालच्या पातळ पट्ट्यांनी वरखाली होतो. तुमच्या नेकचा रेडियस (फ्रेट्सच्या बाजूची गोलाई) सव्वासात इंच असेल तर अॅक्शन फार खाली नेऊ नका, वरच्या फ्रेट्सवर बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, सूर मरेल. आणि दुखणं बोटांच्या टोकांत नसून मनगटात असेल, मुंग्या येत असतील, तर गिटार खाली ठेवून डॉक्टरांकडे जा.

सरांशी वाद घालायची गरज नाही. पुढच्या क्लासला ट्यूनर घेऊन जा, जीची तार पहिल्या फ्रेटवर त्यांनाच दाबायला द्या आणि काटा त्यांच्याकडे वळवा.