रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढत संगणकावर चित्र तयार करण्याच्या पद्धतीत, किरण दिव्याऐवजी कॅमेऱ्यातून का सोडतात?

कारण दिव्यातून निघालेले बहुतेक किरण कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांचा हिशोब फुकट जातो. म्हणून उलटं जायचं: प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण दृश्यात सोडायचा. १९२० बाय १०८० च्या पडद्याला असे २०,७३,६०० किरण लागतात, आणि ही नुसती सुरुवात.

समजा, किरण काचेच्या पेल्यावर आदळला. तिथून एक परावर्तित होतो, एक काचेत शिरताना वाकतो, तिसरा दिव्याकडे निघतो. त्याच्या वाटेत काही आडवं आलं की तो जिथून निघाला तिथे सावली. अशा फांद्या फुटत जाणारी ही पद्धत संगणक-चित्रणातले संशोधक टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये मांडली. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की सावली वेगळी रंगवावीच लागत नाही. मऊ कडांच्या सावलीसाठी मात्र एकेका पिक्सेलमागे बरेच किरण सोडावे लागतात, नाहीतर चित्र दाणेदार दिसतं.